भिंगारदिव्यांचा संगणक राखिला त्याची बखर

कैफियत लिहिणार याची अर्जी ऐसी जे, शके १९२१, प्रमाथी नाम संवत्सरी, वैशाख मासी, इंग्रजी एप्रिल सन १९९९, मुक्काम बोल्हेगाव फाटा, नागापूर एमआयडीसीचे पिछाडीस, जिल्हा अहमदनगर, येथील कॉलनीत घर नंबर अकरा यामध्ये एका संगणकाचे रक्षणाकरिता जो संग्राम जाहला, त्याचा मजकूर जैसा घडला तैसा, पदरचे काही न घालता, लिहून ठेवावा, ऐसी आज्ञा जाहली. आज्ञा कोणाची, ते अखेरीस येईल. या मोहिमेत तीन सरदार, एक मसलतगार, दोन किल्लेदार आणि एक गनीम होता. पैकी गनीम शेवटपर्यंत कोणाचे दृष्टीस पडला नाही. बाकीच्यांस लेखकाने जवळून पाहिले, आणि न पाहता तर बरे होते.

घराचे धनी राजश्री उत्तमराव भिंगारदिवे, पंप बनविणारे कारखान्यात फोरमन. हाताखाली अठरा माणसे, परंतु चालण्याबोलण्याचा थाट अठरा हजारांचे मनसबदाराचा. त्यांणी मागील दिवाळीत संगणक खरेदी केला, आणि तो टेम्पोतून उतरला तेव्हां कॉलनीतील लहानथोर दारांत उभे राहिले, आणि मग त्यास पुढील खोलीत खिडकीखाली नव्या टेबलावर बसविले, आणि मग त्यास झालरीची आच्छादने शिवून घातली. पडद्यास एक, डब्यास एक, कळफलकास एक, आणि माऊस म्हणोन जो हातात धरावयाचा, त्यासही मखमली टोपडे. खोलीचे दारात चपला काढाव्या ऐसा शिरस्ता पडला. उत्तमराव स्वतः संगणकास बोट लावीत नसत. सायंकाळी कारखान्यातून येऊन आच्छादन उचलावे, धूळ बसली की काय ते पाहावे, आणि पुनः झाकावे, इतकाच त्यांचा व्यवहार. कारखान्यात मात्र सांगत की हल्ली घरी कॉम्प्युटरचे काम फार वाढले आहे.

काम करीत होत्या त्या जयमालाबाई, उत्तमरावांचे कुटुंब, जिल्हा परिषदेचे शाळेत शिक्षिका. शाळा सांभाळून त्या एम.एड. करीत होत्या, आणि प्रबंधाचा विषय घेतला होता ऊसतोडणी कामगारांच्या मुलांची शाळा. त्याकरिता दोन हंगाम दर रविवारी त्या एस.टी.त बसून श्रीगोंद्याकडील उसाचे फडांवर जात, आणि सोबतीस सासूबाई भिमाबाई. भिमाबाईंचे अर्धे आयुष्य ऊस तोडण्यात गेलेले. वही उघडून बसलेली मास्तरीण पाहिली म्हणजे कोप्यांतील, म्हणजे मजुरांचे पाचटाचे झोपड्यांतील, बायांची तोंडे मिटत, आणि भिमाबाई चुलीपुढे फतकल मारून बसल्या म्हणजे ती उघडत. पाथर्डीकडील दगडाबाईने आपली मुलगी आरती हिचे नाव सात वर्षांत पाच शाळांत घातले, आणि पोर एकाही शाळेत दुसरी इयत्ता पाहू शकली नाही, हे तिने भिमाबाईंस सांगितले आणि जयमालाबाईंनी लिहून घेतले. ऐसी दोनशे बारा मुले नावनिशीवार सात वह्यांत उतरली. मग त्याच वह्यांत प्रबंध हाताने लिहून काढिला, आणि मग डिसेंबरापासून तो एप्रिलपर्यंत, शाळा, स्वयंपाक आणि धुणे आटोपून, संगणकावर चढविला. शहाऐंशी पाने भरली. जमा करण्याची मुदत एप्रिलची तीस; परंतु त्या दिवशी बुद्धपौर्णिमेची सुटी, सबब एकोणतीस तारीख, गुरुवार, सायंकाळी पाचचे आत. मुदत चुकली तर साल बुडाले. हे काम मोलाचे होते, ऐसे लेखक एकवार आणि सरळ सांगून ठेवितो, कारण पुढील मजकुरात पुरुषांचे हातून मोलाचे काही घडावयाचे नाही.

एप्रिलचे सतरा तारखेस शनिवारी शेवटचे पान लिहून झाले. घरी छपाईचे यंत्र नव्हते, सबब प्रबंध फ्लॉपीवर उतरवून दिल्ली दरवाज्यापाशी छपाईवाला होता त्याजकडे न्यावा, ऐसा बाईंचा बेत. त्या पर्समध्ये फ्लॉपी घालून चपला घालीत होत्या, तो समोरून कानिफनाथ आले.

हे कानिफनाथ म्हणजे कॉलनीचे सेक्रेटरी, सारे त्यांस नाना म्हणत. सरकारी कचेरीतून निवृत्त जाहल्यापासून संगणकावरील एक मासिक वर्गणी भरून वाचीत. संगणक मात्र त्यांजपाशी नव्हता, आणि म्हणोनच त्यांचे ज्ञानास कधी ठेच लागली नव्हती. त्यांणी वर्तमानपत्राचे आतले पानावरील चार ओळींचे कात्रण काढून उत्तमरावांचे पुढ्यात ठेविले. मजकूर ऐसा की, व्हायरस नामक एक रोग संगणकांत दबा धरून बसला आहे, तो सव्वीस एप्रिलास उठणार, आणि ज्या संगणकात उठेल त्याची सारी दौलत पुसून टाकणार. रोग फ्लॉपीवाटे जातो येतो. हे ऐकताच उत्तमरावांचे तोंडचे पाणी पळाले. त्यांणी उभ्या जागी फर्मान काढिले की, आजपासून कोणतीही फ्लॉपी या उंबऱ्याचे आत येऊ नये व बाहेर जाऊ नये, आणि घरात आहेत तितक्या प्लास्टिकचे पिशवीत घालून फाटकाचे खिळ्यास टांगाव्या.

जयमालाबाई बोलिल्या, "अहो, ही एक फ्लॉपी बाहेर जाऊ द्या. परत घरात आणतच नाही मी. एकदा छापून आलं की काळजीच मिटली."

यावर हुकूम जाहला की आधी बंदोबस्त, मग छपाई. बाईंनी पुनः सांगोन पाहिले की रोग आत येण्याची भीती, तर बाहेर जाणाऱ्यास काय म्हणोन अडविता. कानिफनाथांनी मान हलवून सांगितले की तांत्रिक बाब आहे, ताई, समजावयास अवघड. मग बाईंची फ्लॉपीही इतर फ्लॉप्यांसह पिशवीत गेली आणि पिशवी एप्रिलचे उन्हात फाटकास लटकली. दोन दिवसांत साऱ्या वाकड्या जाहल्या.

भिमाबाई ओट्यावर बसून हे सारे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "उत्तम, आमच्या आज्याला बी असंच येशीभायेर ठिवलं हुतं. इटाळ हुतो म्हनायची लोकं. आता तुज्या घरात ह्या चकत्यांचा इटाळ व्हय रं?"

उत्तमरावांनी जेवणाचा डबा उचलिला. ते दुसरे पाळीची वेळ जाहली म्हणोन सायकल काढून निघाले, आणि पाळी सुरू होण्यास अजून दोन तास होते.

त्यानंतर कानिफनाथांची मसलत तीन दिवस चालली. ते रोज चहाचे वेळेस येत, आणि मासिक उघडून सांगत की नुसते औषध ठेवून भागत नाही, फायरवॉल पाहिजे. फायरवॉल म्हणजे तट. परमुलखातील चोरटे टेलिफोनचे तारेवरून चालत येऊन संगणकात शिरतात, त्यांस अडविणारा तो तट. मग त्यांणी कागदावर घराचा नकाशा काढिला, आणि मग बाण काढून गनीम कोणीकडून चालून येईल ते दाखविले, आणि मग तट विलायती असावा की देशी, आणि त्यास दरवाजे किती असावे, यावर दोघांत वाद माजला, आणि उत्तमरावांनी कारखान्यातून रजा काढिली. तिसरे दिवशी जयमालाबाई चहा ठेवून जाता जाता बोलिल्या, "पण नाना, आपल्याकडं फोन कुठंय?"

घरात टेलिफोन नव्हता. अर्ज करून तीन वर्षे लोटली, नंबर लागला नव्हता. कानिफनाथांनी मासिक मिटले. मग ठराव जाहला की टेलिफोन येईल तेव्हां फायरवॉल नेमण्यात येईल, तूर्त मसलत पक्की समजावी. कानिफनाथांची इभ्रत येणेप्रमाणे राखिली, आणि तीन दिवस गेले ते गेले.

याच गडबडीत त्यांणी आणखी एक कलम सुचविले, त्याचा उल्लेख येथेच करणे प्राप्त आहे. ते असे की कागदाची धूळ संगणकाचे काळजात जाते, सबब त्या खोलीतील कपाट रिकामे करावे. जयमालाबाई त्या दिवशी शाळेत वार्षिक परीक्षेचे पर्यवेक्षणास गेल्या होत्या. उत्तमरावांनी कपाट उघडून जुनी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका आणि त्या सात वह्या यांचा गठ्ठा बांधिला. मजकूर संगणकात चढला आहे, आता वह्या कशास, ऐसे बोलून तो भिमाबाईंचे स्वाधीन केला, आणि रद्दीवाल्यास देण्याची ताकीद केली. भिमाबाई गठ्ठा कमरेवर घेऊन मागील दाराने गेल्या. बाईंस हे कोणी सांगितले नाही. त्यांस पुसण्यासारखे त्यात काही आहे, हेच कोणाचे ध्यानी आले नाही.

आता मुख्य कुमकेचा मजकूर. उत्तमरावांनी एसटीडी बूथवरून दोन ठिकाणी फोन केला. एक राहात्यास, जावई सम्राट यांस, ज्यांस थोरली कन्या यशोधरा दिली होती. ते तेथे कॉम्प्युटरचे क्लासात तीन महिन्यांचा कोर्स शिकवीत, आणि स्वतः तो कोर्स त्यांणी चार महिन्यांत पुरा केला होता. दुसरा श्रीगोंद्यास, मेहुणे संदीप यांस, म्हणजे जयमालाबाईंचे धाकटे बंधू. ते एका शुगर फॅक्टरीत संगणक विभागात होते, आणि उसाचे वजनाच्या पावत्या त्यांचे हातून निघत. दोघांसही सांगितले की या घरची लाज आता तुमचे हाती आहे. हे दोघांस वेगवेगळे सांगितले, आणि तेथेच घात जाहला.

कारण या दोघांत जुने वैर होते. यशोधरेचे लग्नात मुलीचा मामा म्हणोन संदीप यांस फेट्याचा मान. ऐनवेळी फेटे कमी पडले, आणि जावयाचे एका चुलतभावास फेटा बांधिला, आणि मामास टॉवेल-टोपीवर भागविले. फोटोत तो प्रकार कायमचा उतरला. तेव्हांपासून संदीप त्या घरात सम्राटांचे ताटास ताट लावून बसत नसत, आणि सम्राट त्यांस 'मामा' न म्हणता 'ते' म्हणत.

शनिवारी, चोवीस तारखेस, दोघे एकाच प्रहरी दाखल जाहले. सम्राट मोटारसायकलवर, गॉगल लावून, विलायती किल्लेदार, म्हणजे रोग मारणारा अँटिव्हायरस प्रोग्राम, चकचकीत सीडीत बसवून घेऊन आले. संदीप एस.टी.ने, कपड्याचे पिशवीत पुणेरी किल्लेदार दोन फ्लॉप्यांवर बसवून घेऊन आले. या किल्लेदारांची विलायती आणि पुणेरी हीच नावे ठेवितो. खरी नावे लिहून त्यांचा बोभाटा करण्याचे कारण नाही, दोष त्यांजकडे नव्हता. संदीप फाटकापाशी येताच सम्राटांनी सासऱ्यांस आठवण दिधली की फ्लॉपीस या घरात बंदी आहे; सीडीचा उल्लेख फर्मानात नाही. संदीप लालबुंद जाहले. ते फाटकाबाहेर पाऊण तास उन्हात उभे राहिले, पाण्याचा तांब्या परत केला, आणि ओरडून बोलिले, "ताई, तुझ्या भावाची फ्लॉपी चालत न्हाई ना या घरात? मग भाऊ तरी कशाला चालतो!"

जयमालाबाई बाहेर आल्या आणि भावाचा हात धरून त्यास आत घेऊन आल्या. फर्मानात त्याच जागी दुरुस्ती जाहली.

मग दरबार बसला. कोणता किल्लेदार किती रोग ओळखतो, कोणता किती जागा खातो, कोणता या दुबळ्या संगणकास झेपेल, यातील एकही प्रश्न कोणी पुसला नाही. विलायती का? तर जावयाने आणिला. पुणेरी का? तर मेहुण्याने आणिला. एक परत पाठविला तर लेकीचे घरी तोंड दाखविणे कठीण. दुसरा परत पाठविला तर बायकोचे माहेर तुटले. त्यात प्रबंधाचे आरंभी ऋणनिर्देश म्हणोन एक पान असते आणि साहाय्य करणारांची नावे त्यात छापतात, हे दोघांस कळले, आणि मग कोणाचे नाव वर येईल यावर जेवणापर्यंत धुसफूस चालली. जेवणास दोघांस समोरासमोर बसविले, वांग्याची भाजी दोघांस सारखी वाढली, पापड मोजून दिले.

जयमालाबाईंनी रविवारी सकाळी सर्वांसमोर येऊन सांगितले, "कुठलंही एक घाला. नाहीतर एकही नको. सोमवारी दिवसभर मशीन बंद ठेवू, तारीख निघून जाईल. मंगळवारी मी छापून आणते. माझे चार दिवस उरलेत हो."

यापरते शहाणपण त्या घरात त्या साली कोणी बोलिले नसेल. त्यास कुमक नको, किल्लेदार नको, खर्च नको. परंतु त्यात कोणाचा मानही नव्हता, सबब ते कोणास पसंत पडले नाही. उत्तमरावांनी खाकरून निवाडा दिधला की दोघेही किल्लेदार एकाच किल्ल्यात नेमावे, दोघांस सारखी जागा, सारखा अधिकार. दोन पहारेकरी असता गनिमाची काय बिशाद. कानिफनाथांनी मासिक न उघडताच संमती दिधली. दोन फेटे आणविले, एकाच ठाणातील, एकाच रंगाचे, आणि उत्तमरावांनी ते टेपने मोजून घेतले. एक सम्राटांस बांधिला, एक संदीप यांस. टाळ्या जाहल्या. मग सीडी आत गेली, आणि मग एक फ्लॉपी गेली, आणि मग दुसरी गेली, आणि मग संगणक बंद करून चालू केला, आणि सारे खुर्च्या ओढून पुढे सरकले.

पुढे जे जाहले ते लिहितानाही हसू आवरत नाही. विलायती किल्लेदार जागा होताच त्याने किल्ला तपासिला, आणि त्यास पुणेरी आढळला. पुणेरीपाशी जगातील रोगांची खूण पटविणारी यादी होती; ती पाहून विलायतीस वाटले की साऱ्या रोगांचा अड्डाच सापडला. त्याने लाल पाटी उभारिली की शत्रू घरात आहे, ठार करू काय. ही पाटी निघते न निघते तो पुणेरीनेही विलायतीची झडती घेतली, त्याजपाशी तशीच यादी पाहिली, आणि आपली पाटी उभारिली की शत्रू घरात आहे, ठार करू काय. दोन पाट्या एकीवर एक चढू लागल्या. होय म्हणावे तर एकाचा किल्लेदार मरतो. सम्राट म्हणाले मामांनी होय म्हणू नये. तीन वर्षांत प्रथमच त्यांणी मामा म्हटले. संदीप म्हणाले जावईबापूंनीही म्हणू नये. सबब दोघांसही 'नाही' म्हणावे ऐसे ठरले, आणि नाही म्हणताच दोघेही पुनः तीच पाटी घेऊन उभे. चाळीस वेळा नाही म्हटले. मग संगणक गारठला, पडदा निळा जाहला, आणि फेटे बांधलेले दोन सरदार त्या निळ्या उजेडात बसून राहिले.

दुसरे दिवशी, वैशाख शुद्ध एकादशीस, म्हणजे सव्वीस एप्रिलास, संगणक वारंवार चालू केला, परंतु अर्ध्यावर येऊन दोन पाट्या दाखवून थिजे. दिवस मावळला. उत्तमरावांनी घड्याळ पाहून जाहीर केले की तारीख टळली, गनिमाची शिकस्त जाहली, आणि पेढे आणविले. रोग मुळात त्या संगणकात होता की नव्हता, हे कोणास कळले नाही. संगणक बंद असल्यास काय उठणार! हेच बाईंनी काल फुकट सांगितले होते. त्यांणी पेढा हातात घेतला नाही. "आता तरी चालू होईल का?" एवढेच विचारिले.

मंगळवारी सत्तावीस तारखेस सकाळी दोघा सरदारांची एकांती मसलत जाहली. एक किल्लेदार काढिला तर दुसरा राहतो, हे कोणास सोसेना. सबब किल्लाच मोकळा करून दोघांस नव्याने, एकाच वेळी बसवावे, ऐसा तह ठरला. त्यास फॉर्मॅट म्हणतात. त्यात किल्ल्यातील सर्व दौलत जळून जाते, हे दोघांस ठाऊक होते. परंतु जावयास वाटले की मामांनी प्रबंध कोठे उतरवून ठेविला असेल, आणि मामास वाटले की जावयाने ठेविला असेल, आणि पुसावे तर आपले अज्ञान उघडे पडते. जयमालाबाई तेव्हां गच्चीवर धुणे वाळत घालीत होत्या. संगणकाने पुसले की सर्व पुसून टाकू काय, होय की नाही. तेव्हां मान समान राहावा म्हणोन, एखाद्या दुकानाची फीत दोन पाहुण्यांनी एक कात्री धरून कापावी, त्याप्रमाणे जावई आणि मेहुणा यांणी आपापले बोट एकाच कळीवर ठेविले, आणि उत्तमरावांनी एक, दोन, तीन म्हटले.

जयमालाबाई खाली आल्या तेव्हां संगणक शुद्ध जाहला होता. त्यांणी विचारिले, "माझी पानं?" सम्राटांनी संदीपकडे पाहिले आणि संदीपांनी सम्राटांकडे. बाई कपाटाकडे गेल्या. कपाट उघडिले. आत नॅप्थलीनच्या गोळ्या होत्या. बाईंनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिले.

"वह्या?"

उत्तमराव बोलिले, "अगं, ते... रद्दीत दिल्या. सगळं मशीनमध्ये हाय म्हणून..."

जयमालाबाई रडल्या नाहीत. त्या उंबऱ्यात खाली बसल्या आणि "आरती, सविता, बाळू, मंदा," ऐसी नावे हळूहळू घेऊ लागल्या. बारा-तेरा नावांनंतर त्यांस आठवेना. दोनशे बारा मुलांपैकी बारा-तेरा. तेव्हां फेट्यांचे मानकरी संगणकाचे आच्छादन नीट करू लागले, त्यांची लेखकास अद्याप कीव येत नाही.

मग आतून पत्र्याची पेटी फरशीवर घासत येण्याचा आवाज जाहला. भिमाबाई पेटी ओढीत आल्या, कुलूप उघडिले, वरील लुगडे बाजूस सारिले, आणि सात वह्या एकेक करून सुनेचे मांडीवर ठेविल्या.

"म्या न्हाई दिल्या," त्या म्हणाल्या. "पेपर दिले, पत्रिका दिल्या. ह्यात पोरांची नावं हायत. नावं कुनी रद्दीत घालतं व्हय? मला वाचाया येत न्हाई, पर कोंची वही कुठल्या फडावरची त्ये मला ठावं हाय. ऊठ पोरी. आजून तीन दीस हायत."

त्याउपरि खरी मोहीम सुरू जाहली, आणि ती सरदारांवाचून. जुन्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टंकलेखकांची रांग बसे, तीत लंकाबाई म्हणोन एक होत्या. तीस वर्षे खरेदीखते आणि प्रतिज्ञापत्रे टाईप करून त्यांची बोटे कळींवर न पाहता पडत. जयमालाबाई शाळेतून रजा घेऊन वह्यांसह तेथे गेल्या, आणि भिमाबाई पाण्याची कळशी घेऊन संगे. लंकाबाईंनी वही चाळिली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "कोर्टाची कामं थांबत्याल दोन दीस. ह्ये आदी. मपली थोरली लेक बी अशीच ऱ्हायली साळंची." मग बाई वाचीत गेल्या आणि लंकाबाई टाईप करीत गेल्या, आणि मध्ये कार्बन घालून एका वेळी चार प्रती निघत गेल्या, आणि वारा सुटला म्हणजे भिमाबाई पानांवर दोन्ही हात ठेवून बसत. ऊन फिरे तसे टेबल सावलीबरोबर फिरे. तेथे लाल पाटी नाही, फेटा नाही, होय की नाही पुसणारे कोणी नाही. गुरुवारी दुपारी तीनचे सुमारास शहाऐंशीवे पान निघाले, सव्वाचारला बाइंडिंग जाहले, आणि पाचास दहा मिनिटे असता प्रबंध कॉलेजचे कचेरीत टेबलावर पडला आणि त्यावर शिक्का बसला.

दुसरे दिवशी बुद्धपौर्णिमा. घरात खीर जाहली. पांढरे कपडे करून विहारातून परत आल्यावर सारे जमले. सम्राट आणि संदीप दोघेही थांबले होते, कारण ऋणनिर्देश पाहावयाचा होता. उत्तमरावांनी घरची प्रत उघडून उभे राहून वाचिली. मजकूर ऐसा होता: "फडावर ज्या आयाबायांनी स्वतःच्या कामातला वेळ मला दिला त्या सर्वांचे ऋण मोठे आहे. माझ्या सासूबाई भिमाबाई यांनी वह्या जपल्या. लंकाबाई यांनी टंकलेखन केले. या प्रबंधासाठी संगणकाचे साहाय्य घेतलेले नाही."

उत्तमरावांनी पान उलटून पाहिले. मागे काही नव्हते. मग त्यांणी प्रत मिटून, खाकरून, सर्वांस सांगितले की कसेही असो, सव्वीस तारखेस गनीम घरात शिरू दिला नाही, ही फत्तेच होय, आणि तिची कोठे तरी नोंद राहावी. सम्राट आणि संदीप यांणी मान डोलाविली. तिघांचे मत एक जाहले ऐसे हे पहिलेच.

तेव्हां भिमाबाई खिरीची वाटी खाली ठेवून बोलिल्या, "व्हय, लिवाच. कुनीतरी समदं लिवून ठिवा. न्हाईतर दोन वरसांनी ही मान्सं म्हनतील, आमीच राखलं."

ती ही आज्ञा. तीवरून हे लिहिले आहे. तरी नोंद येणेप्रमाणे: संगणक त्या दिवसापासून सुरक्षित आहे. त्यात आजवर एकही रोग शिरला नाही, कारण तो पुनः कोणी चालू केला नाही. झालरीची आच्छादने दर शनिवारी धुतात. दोन फेटे कपाटात, वह्या होत्या त्या जागी. टेलिफोनचा नंबर अद्याप लागला नाही, फायरवॉल प्रतीक्षेत आहे. मोहीम फत्ते जाहली. फत्ते करणार: भिमाबाई, जयमालाबाई, लंकाबाई.

लिहून पुरे जाहल्यावर सारा मजकूर भिमाबाईंस मोठ्याने वाचून दाखविला. त्यांणी मध्ये कोठे अडविले नाही. अखेरीस एकच पुसले, "आरतीचं नाव घातलंय का?" घातले आहे, ऐसे सांगितले. कोणत्या ओळीत ते बोट ठेवून दाखवा म्हणाल्या. दाखविले. त्यांणी ती ओळ काही वेळ पाहिली, आणि मग शाईचे पॅडवर अंगठा टेकवून तिचेच शेजारी उठविला. मोर्तब जाहले.